बाप्तिस्मा झालेले रिम

आमच्या घरात चार रिम असे आहेत, ज्यांना चर्चचा आशीर्वाद आहे पण गाडी नाही.

रिम म्हणजे चाकाचा तो धातूचा भाग, ज्यावर टायर चढवतात. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा माझी समजूत अशी होती, की चाक गोल असतं आणि त्यापलीकडे त्यात समजून घेण्यासारखं काही नसतं. (मी बँकेत आहे. आमच्याकडे गोल वस्तू एकच, शिक्का. तो कुठेही बसतो.)

गाडी बाबांची. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. फळ्यावर खडू न उचलता ते भारताचा नकाशा काढत, आणि त्या हातांचा त्यांना फार अभिमान होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि तिच्या स्टिअरिंगला घरातल्या दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ती ते इतकी सावकाश चालवत, की नालासोपाऱ्याहून कळंबकडे येताना त्यांच्यामागे रिक्षांची मिरवणूक लागे, आणि घरी आल्यावर बाबा सांगत, आज रस्त्याला फार गर्दी होती.

मग त्यांची मूत्रपिंडं बिघडली. माणिकपूरला डायलिसिस सुरू झालं, जाणं-येणं रिक्षाने होऊ लागलं आणि गाडी अंगणात चिकूखाली उभी राहिली. आमचं घर समुद्राच्या इतकं जवळ, की खिडकीचे गज दर दोन-चार वर्षांनी बदलावे लागतात. त्या खाऱ्या हवेने चारही रिम कडेने खाऊन टाकले. टायरमध्ये हवा भरून घरात यावं, चहा प्यावा आणि बाहेर जाऊन बघावं, तर गाडी पुन्हा जमिनीवर बसलेली.

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की जे काही समारंभ करायचे असतील ते लवकर उरकून घ्या. बाबांनी ते ऐकलं. ते आजारी होते, बहिरे नव्हते. घरी आल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. लग्न लागलं होतं आईच्या माहेरी, वसईच्या कोळीवाड्यातल्या चर्चमध्ये, आणि त्या दिवशी बाबा कुणाच्या तरी मागून आणलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसून गेले होते. आता सुवर्णमहोत्सवाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, तिथेच होणार होती. तिथे त्यांना आईला शेजारी बसवून, स्वतः गाडी चालवत जायचं होतं.

"एकदाच," ते म्हणाले. "मग गाडी तुझी."

त्यांनी काठोकाठ भरलेला चहाचा कप उचलून माझ्यासमोर धरला. एक थेंब सांडला नाही. डॉक्टरही म्हणाले, त्या दिवशी बरं वाटत असेल आणि मुलगा गाडीत असेल तर हरकत नाही. राहता राहिले रिम. ते मी आणतो म्हणालो, कारण माझ्या हाताने त्यांच्यासाठी करता येईल असं दुसरं काही उरलं नव्हतं.

साधे लोखंडी रिम आण, असं बाबा म्हणाले होते. पण महोत्सवाचे फोटो निघणार, तर चकचकीत अलॉयचे रिम हवेत हे मी ठरवून टाकलं. तयारी मी कसून केली. गाडीच्या चाकाला बोल्टची किती भोकं आहेत ते मोजलं. त्या भोकांमधलं अंतर सुतळीने घेतलं. रिमचा आकार टायरवर छापलेला असतो, तोही लिहून घेतला. बायको म्हणाली, मध्ये एक मोठं भोक दिसतंय त्याचं काय? मी तिला समजावलं, की भोक म्हणजे तिथे काही नसणं, आणि जे नाहीच त्याचं माप काय घ्यायचं! तिचं समाधान झालं नाही, माझं मात्र पूर्ण झालं.

नालासोपाऱ्याच्या एका दुकानात मनासारखे रिम मिळाले. ते घेऊन रिक्षाने घरी आलो, तर आई दारातच उभी. आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू आशीर्वादाशिवाय वापरत नाहीत. भाताचं बी, होडी, फ्रिज, नातवाचं दप्तर, सगळं फादरांच्या हाताखालून जातं. गाडी असली तर लोक ती चर्चच्या आवारात उभी करतात आणि फादर तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. पण आमची गाडी जागची हलत नव्हती. तेव्हा आईने ठरवलं, गाडी जाणार नसेल तर रिम जातील.

रविवारच्या मिस्सानंतर मी चार रिम चर्चच्या पायरीवर ओळीने मांडून उभा राहिलो. माझ्या पुढे एक नवी स्कूटर होती, मागे एक भलामोठा टीव्ही. बाहेर पडणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, गाडी कुठेय? मी प्रत्येकाला सांगत होतो, घरी आहे. फादर आले, रिमकडे बघून क्षणभर घुटमळले, पण त्यांनी प्रार्थना पूर्ण म्हटली, प्रवास करणाऱ्यांच्या रक्षणाची, आणि प्रत्येक रिमवर स्वतंत्रपणे पाणी शिंपडलं. आईने डोळे पुसले. मीही पुसले, कारण थोडं पाणी माझ्या डोळ्यांत गेलं होतं.

दुपारी जॅक लावून पहिला रिम चढवायला घेतला. बोल्टची भोकं तंतोतंत जुळली. तरी रिम बोटभर बाहेरच राहिला. मी ढकललं, बायकोने ढकललं, शेवटी मी जमिनीवर बसून दोन्ही पायांनी ढकललं. चाक जिथे बसतं तिथे मधोमध एक गोल उंचवटा असतो, त्याला हब म्हणतात. रिमचं मधलं भोक त्या हबवर बरोबर चपखल बसावं लागतं. आमचा हब मोठा होता आणि भोक लहान. जे नाहीच म्हणून मी सोडून दिलं होतं, ते कमी पडत होतं.

बायकोने मापाची सुतळी आणून माझ्या हातात ठेवली. 

दुकानदार भला माणूस होता. फोनवर म्हणाला, वापरले नाहीत ना, मग बदलून न्या. मी रिम रिक्षात भरायला घेतले तर आई आडवी आली. तिचं माहेर कोळीवाड्यातलं, आणि रागावली की ती माहेरच्या बोलीत शिरते.

"बाप्तिस्मा झालेलं पोर हॉस्पिटलात परत देऊन दुसरं बदलून आनतं का कोन?"

मी म्हटलं, मग मशीनवर घालून मधलं भोक मोठं करून आणतो. त्यावर तिने, पवित्र पानी पडलेल्या वस्तूला भोकं पाडायला निघालेला मुलगा आपल्या पोटी कसा आला, असं थेट बाबांनाच विचारलं. बाबा डायलिसिसहून आलेले, थकून आरामखुर्चीत पडले होते. डोळे मिटूनच त्यांनी सांगितलं, की याबाबत आपली काही चूक नाही.

मी फादरांकडे गेलो. ते हसले आणि म्हणाले, आशीर्वाद लोखंडाला नसतो, गाडीतल्या माणसांना असतो, खुशाल परत करा. हा निकाल मी घरी आणला. आई म्हणाली, फादर अजून तरुन हायेत. झालं, विषय संपला आणि रिम कायमचे आमचे झाले.

महोत्सव तोंडावर आला होता आणि बाबांची तब्येत दर आठवड्याला थोडी थोडी उतरत होती. रात्री जेवताना ते कप उचलून बघत. अजून सांडत नव्हतं. मी पुन्हा नालासोपारा गाठलं. या वेळी मधल्या भोकाचा धसका असा घेतला होता, की सगळ्यांत मोठं भोक असलेले रिम दाखवा म्हणालो. लहानपणी आमचे शाळेचे कपडे आई नेहमी वाढत्या अंगाचे घ्यायची. सैल असलेलं कधीही बरं, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. त्याच दुकानात टायर चढवून घेतले, घरी आणले, आणि रिम हबवर अलगद जाऊन बसले. मी बोल्ट आवळले. या वेळी आशीर्वाद गाडीसकट महोत्सवाच्या दिवशी चर्चच्या दारातच घ्यायचा, असं आईने ठरवलं होतं. बाबांनी खुर्चीतूनच टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मला इतका आनंद झाला, की मी आत जाऊन तोंड धुतलं.

महोत्सवाच्या दिवशी बाबांनी सूट घातला. तो त्यांना फार मोठा होत होता, त्याकडे आम्ही कुणी बघितलं नाही. आई त्यांच्या शेजारी बसली आणि मी मागे. आईचं गजऱ्यावरून काहीतरी बिनसल्यामुळे निघायला उशीर झाला होता, म्हणून सरळ रस्ता लागल्यावर बाबांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच वेग घेतला. आणि स्टिअरिंगवरचे त्यांचे हात थरथरू लागले. मला मागून दिसत होतं. त्यांनी पकड घट्ट केली, तशी थरथर वाढली. त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून काही वेळ नुसते त्यांच्याकडे बघत राहिले.

"नाही जमत रे," ते म्हणाले. "गेले माझे हात. तू घे."

त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते उतरून मागे बसले. आईही पुढची जागा सोडून मागे त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी गाडी सुरू केली. स्टिअरिंग माझ्या हातातही थरथरत होतं. मला वाटलं, मी हळवा झालोय. आरशात बघितलं, तर आईने बाबांचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले होते. आमच्या गावात त्या पिढीतली नवरा-बायको रस्त्याने चालतानाही दोन हात अंतर ठेवून चालतात. ती दोघं चर्चच्या दारापर्यंत तशीच बसून होती. मिस्सा छान झाली. फोटोंत रिम चकचकीत आले.

त्यानंतर लगेचच बाबांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. कप उचलून बघायचं त्यांनी सोडून दिलं, चहा आई चमच्याने पाजू लागली. एका सकाळी मी गाडी घेऊन कोथिंबीर आणायला निघालो, आणि वेग घेतल्यावर स्टिअरिंग पुन्हा तसंच थरथरलं. मी विचारात पडलो. कोथिंबीर आणायला जाताना माणूस इतका हळवा होत नाही. तसाच टायरवाल्याकडे गेलो. त्याने एक चाक काढलं, बोट घालून दाखवलं आणि म्हणाला, "काका, सेंटर लूज है. रिंग डालो." हबपेक्षा भोक मोठं, त्यामुळे चाक मधोमध बसत नव्हतं आणि वेगात गाडी हातांना हादरे देत होती. मधली फट भरायला एक पातळ कडं घालावं लागतं. ते त्याच्याकडे फळीवर पडलेलंच होतं. घातलं, आणि गाडी गप्प झाली.

कोथिंबीर राहिली. मी थेट हॉस्पिटलात गेलो. आई औषधं आणायला खाली गेली होती. मी बाबांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, की हात तुमचे नव्हते थरथरत, गाडी थरथरत होती, मीच रिम चुकीचे आणले. सांगताना मला रडू आवरेना. बाबांनी चादरीवरचे हात उचलून डोळ्यांसमोर धरले, उलटसुलट करून बघितले. बराच वेळ बघितले.

"म्हणजे ठीक होते तर," ते म्हणाले.

"हो, बाबा."

ते हसले. मग दाराकडे बघून आवाज लहान केला.

"आईला सांगू नकोस. चर्चपर्यंत हात धरून बसली होती. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. कळलं तर म्हणेल, फुकट धरले."

माझ्या बोलण्यावर ते हसले, ते शेवटचं. पुढच्या आठवड्यात ते गेले. मला त्यांची आठवण येते ती फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाबांची नाही, तर चादरीवरून हात उचलून बघणाऱ्या बाबांची, आणि ती रोज येते.

घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई अजूनही तो प्रवास सांगते. "हात कापत व्हते त्यांचे," ती म्हणते. "मी धरले, आनि बघ, लगेच थांबले." थांबणारच, त्यांनी स्टिअरिंग सोडलं होतं. पण मी शेजारी बसून मान डोलावतो. ऐकणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावतात, आणि आईचा चेहरा तेवढ्यापुरता उजळतो. बाबांसाठी मी जेवढं काही करायला गेलो, त्यातलं हे एकच चांगलं झालं, आणि ते माझ्यामुळे झालं असं मला जन्मात कुणाला सांगता येणार नाही.

इथे लिहिलंय, ते सोडून. इथे भीती नाही. मी लिहिलेलं आई कधीच वाचत नाही, दोन ओळींतच तिला झोप लागते असं ती सगळ्यांना सांगते. इतकी वर्षं मला त्याचं वाईट वाटायचं.