आमच्या ह्यांचा नवा गुडघा

आमचे हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर होते. बत्तीस वर्षं गाडीत बसले, पण स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात. ह्यांनी शेजारी बसायचं, "क्लच सोडा, आरशात बघा, घाबरता काय!" असं ओरडायचं आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा. घरीही तेच. भाजी मी परतायची आणि "गॅस बारीक कर" हे ह्यांनी खुर्चीतून सांगायचं.

दोघांचेही गुडघे एकदमच कामातून गेले. माझा जास्त, डॉक्टरच म्हणाले तसं. पण घरात पहिला मान कुणाचा, हे काय विचारायचं? आधी ह्यांचा गुडघा बदलायचा, सहा आठवड्यांनी माझा. तोवर हे हिंडाफिरायला लागतील आणि माझं बघतील, असा बेत. बेत कसला, माझा भाबडेपणा!

ऑपरेशनच्या दुसऱ्याच सकाळी फिजिओथेरपीवाली मुलगी वॉकर घेऊन हजर. "काका, उठायचं."

"अगं, कालच कापलंय!"

"म्हणूनच आज. पहिली चार पावलं दुखतील. पडून राहिलात तर गुडघा आखडेल आणि रोज जास्त दुखेल."

दवाखान्यात तिच्या धाकाने चालले. घरी धाक कुणाचा? बायकोचा? छे! गुडघ्याखाली उशी, हातात रिमोट. व्यायामाचं नाव काढलं की, "दुखायचं थांबलं की चालतो."

"अहो, चाललात की थांबेल."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मला! ह्यांचा चहा, गोळ्या, चष्मा घेऊन दिवसातून दहादा लंगडत ये-जा करणारीला काय कळतंय! बघायला येणारे "आराम करा हो" सांगून चहा पिऊन जायचे, तोही मीच केलेला. पाय लाकडासारखा झाला, कण्हणं वाढत गेलं.

पाचव्या आठवड्यात हे म्हणतात, "तुझी तारीख जरा पुढे ढकलू या. माझी अवस्था बघतेस ना?"

आधी रडू आलं मला, मग असा संताप आला म्हणता! "अजिबात ढकलायची नाही," म्हटलं. तारखेच्या दिवशी ह्यांचं जेवण डब्यात भरून ओट्यावर ठेवलं आणि लेकीबरोबर सरळ दवाखान्यात गेले. पलंगापासून ओटा बावीस पावलं.

भुकेपुढे कुणाचं काय चालतं? दुपारी लेकीला ह्यांचा फोन, "मेलो गं, मेलो!" रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा फोन, "मघापेक्षा कमी दुखलं बरं का." दुसऱ्या दिवशी म्हणे सहा फेऱ्या मारल्या, उगीचच.

तिसऱ्या दिवशी लेक ह्यांना गाडीतून घेऊन आली. वॉकर टेकत आले आणि दारातूनच सुरू, "हे बघ, नुसतं पडून राहायचं नाही. लवकर हालचाल केली की दुखणं कमी होतं. अनुभवाने सांगतोय."

फिजिओथेरपीवाली मुलगी हसू दाबत खिडकीकडे वळली. मी तर दुसऱ्या दिवसापासूनच चालत होते. दातओठ आवळून चालले, पण चालले. आत्ताही खोलीच्या मधोमध वॉकर धरून उभी होते.

हे माझ्या रिकाम्या पलंगावर टेकले, हुश्श केलं आणि म्हणाले, "उभीच आहेस तर तेवढं पाणी दे."