उजवीकडचा बैल

गोंधळलेला माणूस ओळखण्यात आमच्या मोठ्या सिस्टरचा हात अख्ख्या श्रीरामपुरात कोणी धरला नसता, आणि स्वतः गोंधळ घालण्यातही नाही. एकाहत्तर-बाहत्तर साली आमच्या इस्पितळात अत्यवस्थ रुग्णांसाठी चार खाटांची खोली होती. तिथं मी त्यांच्या हाताखाली होते. माझं नाव शकुंतला. त्या मला पहिल्या दिवसापासून सुमती म्हणत. सुमती ही माझ्या आधीची नर्स, लग्न होऊन केव्हाच गेलेली. वर्षभर मी दुरुस्ती केली, मग नाद सोडला. कपाळावरचा चष्मा त्या खोलीभर शोधत, आणि थर्मामीटर ठेवायच्या पेल्यात एकदा त्यांनी खुशाल चहा ओतून घेतला होता.

पण रुग्ण आला की नाडीच्या आधी त्याचं घरदार विचारत. उजवीकडे कोणता बैल जुंपता? गावचा बाजार कोणत्या वारी? सगळं वहीत उतरे, आणि रोज तेच पुन्हा विचारलं जाई. "आरडाओरडा करणारा कुणालाही कळतो गं सुमती. गुपचूप भरकटणारा कळला पाहिजे. कालच्यापेक्षा आज वेगळा वाटला, की काहीतरी बिनसलंय समज." कुणाला खाटेखाली शेळ्या दिसल्या, तर त्या वाकून बघत आणि म्हणत, "मला नाही दिसत, बाबा. पण तुम्ही घाबरलात, ते दिसतंय." मग खिडकी उघडत आणि त्याच्या घरच्यांना आत बोलावत.

एकदा देवळाली प्रवरा गावचे एक आजोबा हर्नियाच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे होते. आदल्या दिवशी सारखी कुरकुर. त्या सकाळी मात्र काहीही विचारा, "व्हय बाई." मी खूश होऊन कागदावर लिहिलं, 'शांत.' सिस्टर आल्या.

"आजोबा, उजवीकडे कोण?"

"हरण्या."

सिस्टरनी वही चाळली. "काल चांद्या म्हणाले होते."

"तुम्हीच चुकीचं लिहिलं असेल," मी म्हणाले. कुणीही तेच म्हटलं असतं. तेवढ्यात आजोबा सलाइनची नळी ओढू लागले. हात बांधायला मी पट्टी काढली, ती सिस्टरनी हिसकावून घेतली आणि दाराबाहेरच्या आजीला आत घेतलं.

"हरण्या?" आजी चरकली. "आवं, त्याला इकून दोन वर्सं झाली की! असं काय बोलता वो?"

सिस्टरनी पांघरूण काढून आजोबांच्या ओटीपोटावर हात ठेवला. पोट टम्म. रात्रीपासून लघवी झाली नव्हती, म्हातारी माणसं तेवढ्यानंही भरकटतात, आणि माझ्या कागदावर तो रकाना कोरा होता. डॉक्टर आले, लघवीची नळी घातली. आजीनं हात धरून ठेवला. दुपारी आजोबा माझ्यावर खेकसले, "चहा हाय का पानी?" इतकी गोड शिवी मी नंतर कधी ऐकली नाही. सिस्टरनी तो रकाना तेवढा माझ्याकडून भरून घेतला.

निवृत्त झाल्यावर त्या शेवगावला भावाकडे गेल्या. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले. ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून हसल्या. "ये, शकुंतला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्यांची नाडी धरली, कपाळाला हात लावला. ताप नव्हता. भावजयीला विचारलं, जेवतात का, झोपतात का, लघवी होते का. सगळं ठीक होतं.

तरी मी माझी एस. टी. सोडली, आणि पुढच्या गाडीपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिले. म्हटलं, एकदा तरी सुमती म्हणतील.