चाकं खाली असलेलं विमान

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला शाळेत होते. कितीतरी महिने आम्ही अंगणात झोपलो; घराच्या भिंतींवर कोणाचा भरवसाच राहिला नव्हता. पुढं शहरात क्लासेसचं पीक आलं. आमच्या गल्लीतल्या पोरी डॉक्टर व्हायला निघाल्या, मी विमान उडवायला. आई शेजारणींना सांगायची, "आमची लई वरच्या क्लासला गेली."

सहवैमानिक म्हणून लागून थोडेच दिवस झाले असतील. त्या दुपारी आम्ही नांदेडहून मुंबईला निघालो. कॅप्टन नांदेडचेच, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घरातले. मला 'बेटा' म्हणायचे. विमान उचललं, चाकं वर घ्यायचा दांडा मी ओढला, आणि चाकं आत गेलीच नाहीत. होते ते उपाय करून पाहिले. तेवढ्यात खाली धुळीचं वादळ उठलं, धावपट्टी दिसेनाशी झाली. परत उतरायची सोय राहिली नाही.

"मुंबईच गाठू या, सर," मी म्हणाले. "तिथं दुरुस्ती होईल."

समोरच्या पडद्यावर संगणकानं हिशेब मांडलेलाच होता: मुंबईला उतरल्यावरही पुरेसं इंधन उरेल. आकडे हिरवेगार, शांत.

कॅप्टन पडद्याकडं बघत राहिले. "बेटा, चाकं खाली हायत हे त्याला माहीत हाय का?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. संगणक चाकं आत आहेत असं धरूनच मोजत होता. बाहेर लोंबणाऱ्या चाकांना वारा अडतो, इंजिनं भसाभस इंधन पितात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"अंदाज ऱ्हाऊ दे. टाकीत खरंच किती हाय, तेवढं मोठ्यानं सांगत जा."

मी सांगत गेले, ते मनातल्या मनात वजाबाकी करत गेले. विमान आपोआप, सुतासारखं सरळ चाललं होतं. टाकी मात्र मुंबईच्या अलीकडं, घाटाच्या आसपासच कोरडी पडणार होती.

"हैदराबाद," ते म्हणाले. "तिथवर पुरतंय, दुरुस्तीबी होईल."

आम्ही वळलो. खाली देगलूरकडची काळी रानं सरकत होती, पायाखाली चाकांवरचा वारा घुमत होता. मागं कोणी डबा उघडला असेल, कोणाला डुलकी लागली असेल. एवढं शहाणं यंत्र, आणि एवढ्या जिवांसाठी कोणीतरी एक साधा प्रश्न विचारावा लागला! त्या प्रश्नाचं मोठेपण माझ्या छातीत मावेना.

हैदराबादला अलगद उतरलो. अर्धापूरचा एक केळीचा व्यापारी जिन्यावरून उतरताना कुरकुरला, "तिकीट मुंबईचं काढलं अन् दावलं हैदराबाद!" कॅप्टननी त्याची हात जोडून माफी मागितली.

नंतर चहा घेताना मी विचारलं,

"सर, तुम्हाला भीती वाटली?"

"हाव," ते म्हणाले. "म्हणून तर मोजून राहिलो व्हतो."