कात्रीबाईचा झोका
कारखान्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. क्रेनने माल उचलायचे पट्टे ती तपासायची आणि शिवण उसवलेला पट्टा तिथल्या तिथे कापायची, म्हणजे कुणी गुपचूप परत वापरायला नको. आज नवे कोरे पट्टे आले आणि बाईला आभाळ ठेंगणं झालं! जुने कचाकच कापून ती जवळजवळ नाचतच घरी आली.

दारात नात झोके घेत होती. झोका पिवळ्या पट्ट्याचा, शिवण उसवलेली!

"तुझ्या कात्रीच्या तावडीतून सोडवला," क्रेन चालवणारा नवरा ऐटीत म्हणाला. "चांगला दणकट आहे."

"दणकट? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

तिने नातीला उतरवलं, कात्री काढली. आता पोरगी भोकाड पसरणार!

पोरीचे डोळे लकाकले. "आजी, मी कापू?"