काकांच्या खांद्याला सोसेल अशी रायफल

रायफल शूटिंगमध्ये गोळी झाडायला एक क्षण लागतो आणि नळी गार व्हायला बराच वेळ. चार-पाच गोळ्या मारल्या की रायफल स्टँडला टेकवायची, थर्मासमधला चहा ओतायचा आणि बोलत बसायचं. आमच्याकडे किस्से साठलेत ते सगळे या गार व्हायच्या वेळातले. नेमबाजी म्हणाल तर आमची बेताचीच, पण गप्पांमध्ये आमचा हात कोणी धरणार नाही!

आमचा ग्रुप म्हणजे चार डोकी. दाते काका रिटायर्ड भूलतज्ज्ञ, उभी हयात शिकागोच्या हॉस्पिटलांत लोकांना झोपवण्यात गेली. दाते काकू रायफलला हात लावत नाहीत, पण एकही शनिवार चुकवत नाहीत. नितीन पुण्याचा, आयटीतला. आणि मी मूळची सांगलीची, इथल्या हायस्कुलात गणित शिकवते, म्हणून वारा किती आणि गोळी किती खाली पडणार हा हिशोब माझ्या गळ्यात. शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून पश्चिमेला तासभर ड्राइव्ह केलं की मक्याच्या शेतांच्या मधोमध आमची रेंज लागते.

गेल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना काका घसरले आणि उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. सर्जनने सांगितलं, धक्के टाळा. काकांची जुनी थ्री-ओ-एट रायफल तर दर गोळीला खांद्यात गुद्दा घालणारी. उन्हाळा लागताच काकांनी जाहीर केलं, "कमी धक्क्याची रायफल घेतो. बर्फ पडायच्या आत पाचशे यार्डांवरची निशाणाची लोखंडी प्लेट वाजली तर ठीक. नाहीतर सगळं विकून टाकतो आणि गोल्फ खेळतो!"

काका गमतीत बोलत नव्हते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला खरंच वाईट वाटलं. या माणसाने मला रायफल धरायला शिकवली होती.

* * *

मग रायफल निवडायचं काम सुरू झालं. आपली माणसं कुठलीही वस्तू घेताना दहा जणांना विचारतात आणि शेवटी पहिल्या दिवशी मनात होती तीच घेतात. नितीनने यूट्यूबवरचे यच्चयावत व्हिडिओ पाहिले. एकदा म्हणाला, सिक्स-पॉइंट-फाइव्ह बोअरची घ्या. पुढच्या आठवड्यात म्हणाला, नको, काडतुसं महाग पडतील. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, टू-ट्वेंटी-थ्री घ्या. धक्का नावाला, काडतुसं स्वस्त, आणि नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा घट्ट वळणाच्या असल्या की जरा जड गोळीसुद्धा पाचशे यार्ड सरळ जाते. पण घरच्या गणिताच्या मास्तरणीचं ऐकतो कोण!

खरा वाद पेटला वजनावरून. मी म्हटलं, जाड नळीची, जड रायफल घ्या. काकू उखडल्या. "अगं, त्यांचा खांदा दुखतोय आणि तू जड घ्यायला सांगतेस? चांगली हलकीफुलकी घ्या काहीतरी!"

मी समजावलं, "काकू, रायफल जड असली की धक्का ती स्वतःच पचवते. हलकी असली की सगळा माणसाला देते."

काकूंनी काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "असं होय! म्हणजे लग्नात हे एवढे किडकिडीत होते, ते मला महागात पडलं म्हणायचं!"

टू-ट्वेंटी-थ्रीच, पण जड रायफल ठरली.

* * *

दुकानात आम्ही चौघंही गेलो. काउंटरवरचा माणूस दाढीवाला, हसरा, भलताच सोशिक. काकूंनी दस्त्यावरून बोट फिरवून धूळ आहे का पाहिलं. मग "डिस्प्लेचा पीस नको, बॉक्समधला नवीन द्या" असं मला भाषांतर करायला लावलं. त्यांना इंग्रजी उत्तम येतं, पण घासाघीस करताना त्या दुभाषी ठेवतात.

किंमत कमी होईना तेव्हा काकूंनी पुढचा प्रश्न टाकला, "याच्याबरोबर फ्री काय?"

तो म्हणाला, "मॅम, प्रत्येक रायफलबरोबर एक कुलूप फ्री देतो. सेफ्टीसाठी."

काकूंचा चेहरा उजळला. मग त्याने सांगितलं की इलिनॉयमध्ये पैसे भरले तरी रायफल लगेच मिळत नाही, तीन दिवस थांबावं लागतं. काकूंना हा कायदाही फार आवडला. "आपल्याकडे साड्यांच्या दुकानात असा नियम हवा होता," म्हणाल्या.

तीन दिवसांनी काका रायफल घेऊन घरी आले. बॉक्स उघडून रायफलला कुलूप लावून पाहिलं, बसलं बरोबर. किल्ली टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले. परत आले तर किल्ली गायब!

"किल्ली कुठे गेली?"

"मंगळसूत्रात ओवलीये," काकू म्हणाल्या. "शनिवारी मागा, मिळेल."

* * *

रेंजच्या शेजारी वॉल्टर नावाच्या शेतकऱ्याचं सोयाबीन आहे. त्याच्या शेतात ग्राउंडहॉगांचा सुळसुळाट. मांजराएवढा गलेलठ्ठ प्राणी, उंदराच्या जातभाईंतला. पीक खातो आणि जमीन पोखरतो. अशा नासधूस करणाऱ्या प्राण्यांना इकडे सरसकट व्हार्मिंट म्हणतात आणि लायसन्स काढून मारू देतात. वॉल्टरच्या ट्रॅक्टरचं चाक एका बिळात रुतलं, तेव्हा तो काकांकडे आला. "डॉक, तुमच्या नव्या रायफलला काम देतो. सीझन सुरूच आहे, हवं तेव्हा या!"

काकांनी लायसन्स काढलं. पण काका पडले पक्के शाकाहारी. धातूची प्लेट वेगळी आणि जीव वेगळा. ते म्हणाले, "येईन, पण सोमवारी नको." सोमवार शंकराचा. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा, शिवाय त्या दिवशी आमची रेंज. शुक्रवारला काकूंनी हरकत घेतली. बुधवारी खांद्याची फिजिकल थेरपी. रविवारी वॉल्टर स्वतःच चर्चला जायचा. उरला मंगळवार, त्यातही चतुर्थी आली तर बाद, कारण प्रश्न उंदराच्या जातीचा होता! आणि श्रावण महिना पूर्ण बंद.

श्रावण संपल्यावर एका शनिवारी वॉल्टर रेंजवर आला. मी विचारलं, "काय म्हणतायत ग्राउंडहॉग?"

तो टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "मजेत आहेत. आताशा फक्त मंगळवारी लपतात."

* * *

इथल्या महाराष्ट्र मंडळात आम्ही शूटिंगचं बोलत नाही. एकदा सांगून पाहिलं होतं, तर एका मावशींनी गणपतीच्या आरतीत मला वेगळं उभं केलं. तेव्हापासून कोणी विचारलं, शनिवारी कुठे असता, तर काकू सांगतात, "पक्षी बघायला जातो."

हे ऐकून मंडळातले एक हौशी गृहस्थ मागेच लागले. त्यांना टाळता टाळता आमची दमछाक झाली, शेवटी एका शनिवारी आणावंच लागलं. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर हॅट, हातात पक्ष्यांचं पुस्तक. गाडीतून उतरले आणि पलीकडच्या लेनमध्ये कोणीतरी धाडकन बार काढला. नितीनने झटकन त्यांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ्स चढवले.

बिचारे सगळा वेळ दुर्बीण आभाळाकडे लावून बसले होते. निघताना काकूंना म्हणाले, "जागा सुंदर आहे हो. पण पक्षी जरा कमीच वाटले."

* * *

नितीनची गोष्ट वेगळी. तो आमच्यात आला तेव्हा वर्क व्हिसावर होता आणि त्याच्या वकिलाने बजावलं होतं, ग्रीन कार्ड येईपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही. नितीन नियम पाळणारा. वर्षानुवर्षं तो यायचा, दुर्बिणीला डोळा लावून बसायचा आणि आमच्या गोळ्या कुठे पडल्या ते सांगायचा. "यार, दोन वाऱ्या डावीकडे," असलं त्याचं स्वतःचं मोजमाप होतं. एक वारी म्हणजे किती, ते आजही मला कळलेलं नाही, पण त्याचा अंदाज चुकत नसे.

आपल्याला कुठली रायफल घ्यायची ते मात्र त्याचं पहिल्या वर्षीच ठरलं होतं. फोनच्या वॉलपेपरवर तीच. त्याची बायको म्हणायची, माझा फोटो कधी लावला नाही!

शेवटी दोन वर्षांपूर्वी एकदाचं ग्रीन कार्ड आलं. आम्ही पेढे खाल्ले. बाकी कागदपत्रं हातात पडताच नितीन दुकानात धावला. दुकानदाराने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, ते मॉडेल कंपनीने बंद केलं.

नितीन रेंजवर आला, खुर्चीत बसला आणि फोनचा वॉलपेपर बदलला. मग म्हणाला, "ताई, माझ्या आधी रायफलच रिटायर झाली!"

* * *

त्याने मग दुसरी घेतली. त्याच वर्षी त्याची आई पुण्याहून आली होती. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करायची, आणि घरात खरंखुरं शस्त्र! त्यांचा आनंद गगनात मावेना. एरवी आपण पूजेला सुरी, कात्री आणि स्क्रू-ड्रायव्हर मांडतो. नितीनने रायफल रिकामी आहे ना ते तपासून पाटावर ठेवली आणि ऑफिसच्या कॉलवर गेला. आईंनी झेंडूचा हार घातला, हळद-कुंकू वाहिलं, ओवाळलं.

शनिवारी नितीन रेंजवर रायफलवरच्या दुर्बिणीतून बघतो तर प्लेट धूसर आणि तांबूस. भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखी! तो म्हणाला, हवेत दमटपणा आहे. फोकस फिरवला, स्क्रू फिरवले, उन्हाचा अँगल बदलला म्हणून बाक सरकवलं. सगळी सेटिंग्ज बिघडवून झाल्यावर मी बाजूने वाकून पुढची काच पाहिली. काचेच्या बरोबर मध्यभागी कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. आईंनी झाकण उघडून लावला होता!

नितीनने तिथूनच घरी फोन लावला. "आई, दुर्बिणीला कशाला लावलंस?"

आई शांतपणे म्हणाल्या, "अरे, शस्त्राचा डोळा तोच ना? देवाला काय पायाला टिळा लावतात?"



* * *

या वर्षी काकांचं मात्र काही जमेना. सप्टेंबर संपत आला. नव्या रायफलचा दोष नव्हता, ती घेऊन मी आणि नितीन दोघांनीही पाचशे यार्डांवरची प्लेट वाजवून पाहिली होती. धक्का इतका कमी की खांद्यावर कोणी थोपटल्यासारखं वाटावं. पण काकांच्या मनाने जुन्या रायफलची धास्ती घेतली होती. चाप ओढायच्या आधीच त्यांचे डोळे मिटायचे, खांदा आखडायचा आणि गोळी प्लेटच्या खाली मातीत जायची.

यावर एक जुना उपाय आहे. नितीनने खोटी काडतुसं आणली, दिसायला खऱ्यासारखी, आत काही नाही. नेमबाजाने तोंड फिरवायचं आणि दुसऱ्याने कधी खरं, कधी खोटं काडतूस भरून द्यायचं. खोटं असलं की नुसतं "टिक" वाजतं, आणि माणूस दचकला असेल तर नळी आपोआप खाली डुचकी मारते. चोरी उघडी पडते.

मी भरून देत होते. प्रत्येक "टिक"ला नळीने डुचकी मारली. काकांनाही ते दिसत होतं. शेवटी ते उठले, रायफलची बॅग उघडली आणि म्हणाले, "गोल्फचे शूज बघून ठेवलेत मी."  

तेवढ्यात काकू खुर्चीतून उठल्या. "सरक गं जरा. मी भरते."

आम्ही बघतच राहिलो. ज्या बाईने रायफल कधी हातात घेतली नव्हती, तिला नितीनने काडतूस कसं ठेवायचं, ते आत ढकलणारा बोल्ट कसा सरकवायचा, ते दाखवलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि मान डोलावली. काका परत बाकावर बसले. सगळ्यांच्या कानांवर मफ्स होते, बोलणं ऐकू येईल अशा जातीचे.

काकू त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हे बघा, मी सगळी खोटीच भरणार आहे. आज खरं एकही नाही. तुम्हाला काहीसुद्धा जाणवणार नाही. दहापासून उलटे आकडे मोजा."

काकांना हसू आलं. ऑपरेशन थिएटरमध्ये हेच वाक्य त्यांनी जन्मभर म्हटलं होतं.

"दहा... नऊ... आठ..." टिक. नळी जराशी हलली.

"दहा... नऊ... आठ... सात..." टिक. या वेळी हलली नाही.

काकूंनी आणखी एक भरलं. पुन्हा टिक. नळी टेबलावर ठेवलेल्या पट्टीसारखी स्थिर. काकांचा खांदा सैल झाला होता, आवाजही संथ झाला होता. काकूंनी पुन्हा बोल्ट सरकवला.

"दहा... नऊ... आठ... सात..."

धाड!

आणि मग दोनेक सेकंदांनी, लांबून, शेतांवरून तरंगत आल्यासारखं, टण्ण!

नितीनने दुर्बिणीतून डोळा काढला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. काकांनी बोल्ट उघडला, रायफल खाली ठेवली आणि हळूच मागे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अगं, हे खरं होतं! तू तर म्हणालीस, सगळी खोटी..."

काकू तोवर खुर्चीत जाऊन बसल्या होत्या. थर्मासचं झाकण फिरवत म्हणाल्या, "तुम्ही तरी पेशंटला कधी सांगितलंत का, सुरी नेमकी कधी लागणार ते?"