काशीने पाहिलेला पुण्याचा खून

१८९७ सालचा जून. काशीकरांचा आषाढ लागला होता, आम्हा दक्षिणींचा ज्येष्ठ अजून चालू होता. बालाजी घाटाजवळच्या छापखान्यात मी यंत्र फिरवत असे. छापखान्यात शाईपेक्षा किस्से जास्त सांडतात आणि धुऊन जात नाहीत.

*

पत्र हिंदी, माणसे मराठी. संपादक अण्णाशास्त्री. बातमीदार विसू. त्याची लेखणी फार धावायची. एकदा पंचगंगा घाटासमोर नाव उलटली. विसूने लिहिले, "अनेक बुडाले."

नावेत दोघेच होते आणि दोघेही नावाडी! अंक निघताच दारात हजर. "पंडितजी, हम तो मर गए. तेरहवीं का भोजन कहाँ है?"

अण्णाशास्त्र्यांनी दोघांना पोटभर जेवू घातले. विसूच्या घरी!

*

मग पुण्याची तार आली. प्लेगसाठी घरोघर झडत्या घेणारा साहेब आणि त्याच्या मागच्या गाडीतला अधिकारी, दोघांवर रात्री गोळ्या झाडल्या. अधिकारी ठार, साहेब जखमी.

विसूने लिहिले, "दोघेही ठार. हजारोंनी डोळ्यांनी पाहिले."

"रात्री? अंधारात?"

"अण्णा, सगळा घाट सांगतोय!"

"घाट पुण्यात आहे का?"

छापले ते एवढेच, "एक मृत, एक घायल. आगे का हाल मालूम नहीं."

*

घाट रागावला. घाटावरच्या पंड्याने साहेबाच्या घोड्याचा रंगसुद्धा सांगितला होता. न्हाव्याने गोळ्या मोजल्या होत्या. आणि आमच्या पत्रात साहेब जिवंत! अंक कोणी घेईना. पानवाल्याने तेवढा गठ्ठा उचलला. पुड्या बांधायला!

विसूला हे सोसेना. भर घाटावर उभा राहून ओरडला, "दोनों मारे गए! वाह रे पूना!"

*

दोन दिवसांनी थानेदार आला. साहेब इस्पितळात जिवंतच होता.

"जिंदा आदमी के मरने की खुशी किसने मनाई? उसे पहले से क्या मालूम था?"

सापडेल तो पुण्याच्या कटात गोवला जाणार, हे उघड होते. विसू कागदाच्या गठ्ठ्यांमागे दडला.

"शास्त्रीजी, आप झूठ नहीं बोलते. आपका आदमी था?"

अण्णाशास्त्री खरेच कधी खोटे बोलले नव्हते.

"मैं भीतर था. अपनी आँखों से कुछ नहीं देखा. घाट से पूछिए."

विसूने डोळे मिटले.

थानेदार घाटावर उतरला. मी मागोमाग. पंड्याला विचारले, तो म्हणे जप चालू होता. पानवाला म्हणे तिकडे पाठ होती. पुण्यातला घोडा पाहणाऱ्या घाटाने स्वतःच्या पायरीवर काही पाहिले नव्हते!

राहिला न्हावी. त्याच्यापुढे गिऱ्हाईक, गालाला पाणी लावलेले.

"हुजूर, हमको तो ठीक से दिखता ही नहीं." हातात वस्तरा तसाच.

गिऱ्हाईक ओल्या गालाने उठले आणि चालू लागले.

थानेदार गेला. विसू हळूहळू पायऱ्या उतरून आला, न्हाव्यापुढच्या रिकाम्या पाटावर बसला आणि त्याने मान पुढे केली.