चेअरमनसाहेब फोन उचलत्यात

फोन वाजला की तात्या हाताचा पंजा उभा करायचे, चौकात गाड्या अडवणाऱ्या पोलिसासारखा. "थांब पोरी. वाजू दे. मिसकॉल असंल." समोरची मुलगी रिसीव्हरवर हात ठेवून बसायची. एक रिंग होऊन फोन गप्प झाला की तात्या पंजा खाली घेत, तोच मिशीवरून फिरवत आणि म्हणत, "आता लाव. माणूस वाट बघतंय."

ही आमच्याकडची रीत तुम्हालाही ठाऊक असेल. गाय आजारी पडली की दूध संस्थेला मिसकॉल द्यायचा. उलटा फोन येतो, काय झालं ते सांगायचं, डॉक्टर निघतो. पूर्वी पैसे वाचवायला लोक असं करायचे. आता प्रत्येकाच्या मोबाईलला पॅक आहे, तरी सवय गेलेली नाही. चुकून कुणी पहिल्याच रिंगला फोन उचलला तर पलीकडचा माणूस खेकसतो, "उचलला कशाला? मिसकॉल व्हता!"

मी कऱ्हाटीचा. आम्ही पोरांनी दूध उत्पादकांचा गट काढला होता आणि पत्रकं लिहायचं काम माझ्याकडं होतं. संस्थेचं फोनचं यंत्र म्हातारं झालेलं, लाइनी मोजक्या, सकाळच्या वेळी कधीही लावा, एंगेज. त्यावर मी जळजळीत पत्रक लिहिलं आणि ते बारामतीच्या एमआयडीसीतल्या संस्थेच्या कार्यालयाच्या फाटकावर चिकटवायला गेलो. मागून आवाज आला, "खालचा कोपरा सुटलाय. डिंक लाव."

ते तात्या. कार्यालयाचे अधीक्षक. उभ्या उभ्या त्यांनी सगळं पत्रक वाचलं. "शेवटचं वाक्य लई लांब हाय. बाकी खरं हाय. आमी इंटरनेटवरचा फोन घेतोय. निवड समितीत गोठ्यातलं कुणीच न्हाय. येतोस?"

मला गप्प करायचा हा डाव आहे असंच मला वाटलं. म्हणूनच गेलो. आत बसून यांची लक्तरं वेशीवर टांगू, म्हटलं.

तात्यांना साधू समजू नका. मिशीला कलप लावायचे आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही असं मानायचे. फोनवर इतकं मोठ्यानं बोलत की त्यांच्या गावाला, कळसला, तारेशिवायच ऐकू जावं. हेडफोनला त्यांचा कायम विरोध. कानावरचे केस जातात म्हणे. मला ते "काय पत्रकवाले?" अशी हाक मारायचे आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नसत.

पुण्याहून तीन कंपन्यांची पोरं लॅपटॉप घेऊन आली. पहिल्याला तात्यांनी विचारलं, "लाईट गेल्यावर काय?"

"बॅकअप आहे ना, सर."

"मग घालवू का?" म्हणाले, उठले आणि मेन स्विचच खाली ओढला. चेअरमनसाहेबांच्या केबिनसकट अख्ख्या कार्यालयात अंधार. फोनही गेला. त्या पोरानं अंधारातच वायरी गुंडाळल्या.

राहिल्या दोन. एकीचं यंत्र साधं होतं. फोन वाजायचा, न उचललेला नंबर संगणकावर लाल दिसायचा, आणि उलटा फोन केल्याशिवाय तो लाल जायचा नाही. दुसरीचं चकचकीत. फोन लागताक्षणी, पहिली रिंग पुरी व्हायच्या आत, यंत्र स्वतःच उचलायचं आणि चेअरमनसाहेबांच्या आवाजात स्वागत करायचं. मग एक दाबा, दोन दाबा. चेअरमनसाहेब हरखले. सगळी सकाळ केबिन बंद करून त्यांनी आपला आवाज भरला. "नमस्कार. मी तुमचा चेअरमन बोलतोय." हेच आधी वापरून बघायचं ठरलं.

त्या दिवशी तात्या आणि मी टपरीवर चहाला बसलो. मी चेअरमनच्या हौसेवर तोंडसुख घेत होतो. ते मधेच म्हणाले, "हळू बोल. आवंदा मी रिटायर हाय. साहेबांनी शब्द दिलाय, दोन वर्सं वाढवून देतो म्हणून."

"कशाला पाहिजेत, तात्या? घरी आराम करा की."

"घरी कोण हाय रं? ही गेली. पोरगं हैदराबादला. हितं दिवसभर तात्या ह्ये कुठंय, तात्या त्ये कसं करू, असं चालतं. तितं मला इचारणार कोण? भिंत?"

मी बिस्किट चहात बुडवलं आणि तसंच धरून बसलो. ते गळून पडलं.

नवं यंत्र सुरू झालं आणि कार्यालय शांत झालं. घंटा नाही, धावपळ नाही. संगणकावर हिरवं चित्र: आलेला प्रत्येक फोन उचलला गेला. चेअरमनसाहेब आल्यागेल्याला बोलावून ते चित्र दाखवायचे. डॉक्टरांच्या गाड्या आवारात उभ्या.

तात्या मात्र खिडकीत उभे राहून त्या गाड्या बघायचे. "पत्रकवाले, आठवडा होत आला. एकबी गाय आजारी न्हाय? दोन तालुक्यांत?"

"असेल बाबा. पीक आलं असेल आरोग्याचं."

"गाडी काढ," तात्या म्हणाले.

आधी कऱ्हाटीत माझ्या गल्लीत गेलो. तिथं एकजण म्हणाला, "दिला की मिसकॉल. तर उचलला. मग ठेवला." मग इंदापूरच्या बाजूला, कळसला. तिथं एका अंगणात एक बाई दावणीजवळ बसली होती. दावणीला दावं होतं, गाय नव्हती. तात्यांना बघून तिनं पदर सारखा केला.

"व्याली आन बसली, ती उठलीच न्हाय, तात्या."

"अगं, एक बाटली सलाईन लावली असती तर उठली असती. फोन करायचा न्हाय व्हय?"

"केला की. तीनदा केला." बाईचा आवाज एकदम खाली गेला. "चेअरमनसाहेब सोता फोन उचलत्यात. एवढ्या मोठ्या माणसाला कसं सांगायचं, गाईची वासरामागची वार पडंना म्हणून? माझं तर हातबी भरल्यालं. मी आपला ठिवला."

माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला. खोटं कशाला बोलू, चांगला मथळा होता. तात्या खाली बसले. त्यांनी ते दावं हातात घेतलं, त्याची गाठ सोडली, आणि नीट गुंडाळून बाईच्या हातात दिलं. परत येताना गाडीत हळूच म्हणाले, "तीनदा केला तिनं." एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली. चकचकीत यंत्राच्या खरेदीवर सही करायला चेअरमनसाहेबांनी आधीच पेन काढून ठेवला होता. तात्या उभे राहिले. "साहेब, फोनवरनं तुमचा आवाज काढा."

"का? लोकांना आवडत न्हाय माझा आवाज?"

"लई आवडतो. म्हणून तर बोलत न्हाईत." कुणीतरी हसलं. तात्या हसले नाहीत. "सासरा दारात हुबा ऱ्हायला तर सून पोट दुखतंय म्हणून सांगती का, साहेब? लोकं तुमचा आवाज ऐकून फोन ठेवत्यात. आन यंत्र म्हणतंय, उचलला. कळसला गाय मेली. ते दुसरं घ्या, साधं. वाजू दे, लाल होऊ दे, पोरी उलटा फोन करतील."

चेअरमनसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "घ्या साधं." उठता उठता पुढं म्हणाले, "आणि तात्या, तुमच्या त्या मुदतवाढीचं... नवी माणसं पुढं आली पाहिजेत, काय?"

"व्हय साहेब," तात्या म्हणाले. एवढंच.

मी बाहेर आलो तो पेटूनच. "तात्या, आजच्या आज पत्रक काढतो. दोन्ही तालुक्यांत लावतो. शब्द देऊन फिरवला म्हणजे काय!"

"काढ की. पर माझ्यावर न्हाय. बायकांनी फोन कसा करायचा, काय काय सांगायचं, त्याच्यावर काढ. वार, हगवण, सगळं लिही. लाजू नको." मग थांबून म्हणाले, "आन वाक्यं बारकी कर."

मी काढलं. माझ्या सगळ्या पत्रकांत राग नसलेलं ते एकच, आणि लोकांनी गोठ्यात चिकटवलेलंही तेच एक.

साधं यंत्र बसलं. फोन वाजायला लागले, गाड्या आवारातून निघायला लागल्या. तात्यांचा निरोप समारंभ महिनाअखेरीला ठेवला होता. सकाळपासून ढग दाटलेले, जनावरांत कुठली तरी साथ आलेली, फोन नुसते कोसळत होते. सभागृहात खुर्च्या मांडलेल्या, पण निम्म्या रिकाम्या. चेअरमनसाहेब माईकवर बोलत होते आणि मधून मधून दाराकडं बघत होते. फोनच्या खोलीतून एकही मुलगी आली नव्हती.

सत्कार झाला. लोक पेढे घेत होते. तात्या कुठं दिसेनात म्हणून मी व्हरांड्यात गेलो. खांद्यावर शाल, काखेत नारळ, असे ते फोनच्या खोलीच्या दारात उभे होते. आत मुली संगणकाकडं डोळे लावून बसलेल्या, एकेक लाल नंबर उलटा लावत होत्या. "बोला मावशी, वार पडली का? किती वेळ झाला?" एकीनंही मागं वळून पाहिलं नाही. कुणालाच तात्यांना काही विचारायचं नव्हतं.

सभागृहात चेअरमनसाहेबांनी पुन्हा माईक घेतला. तात्यांनी फोनच्या खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं, भाषणाचा आवाज आत जाऊ नये म्हणून. आणि तसेच फाटकाकडं चालू लागले.